लॉरिन हिलचा ‘मिसएज्युकेशन’ कसा ऐकायचा: आधी ताल, मग शब्द

‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ २५ ऑगस्ट १९९८ रोजी बाजारात आला तेव्हा लॉरिन हिल २३ वर्षांची होती. फ्यूजीज या त्रिकुटातली गायिका आणि रॅपर म्हणून तिचं नाव झालेलं होतं, पण हा तिचा एकटीचा पहिला अल्बम. पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत त्याच्या चार लाखांहून जास्त प्रती खपल्या. फेब्रुवारी १९९९ मध्ये तिला एका रात्रीत पाच ग्रॅमी मिळाले. त्यातला एक ‘अल्बम ऑफ द इयर’ होता आणि हिप-हॉपच्या घरातल्या अल्बमला तो त्याआधी कधीच मिळाला नव्हता. २०२४ साली ॲपल म्युझिकने शंभर सर्वोत्तम अल्बमांची यादी काढली, त्यात हा पहिल्या क्रमांकावर आहे. एवढं होऊनही हिलने स्टुडिओत केलेला दुसरा अल्बम आजतागायत काढलेला नाही.

इतकं नाव ऐकून आपल्याकडचे बरेच जण तो लावतात आणि तिसऱ्या-चौथ्या गाण्यात सोडून देतात. कारण सरळ आहे. भावगीत, नाट्यपद, अभंग यांवर वाढलेला कान शब्दांच्या मागे धावतो. शब्द पकडले की गाणं हाती आलं, असा आपला अनुभव असतो. इथे शब्द भरधाव आहेत, मध्येच जमैकन ढंगाचे आहेत, बायबलच्या आणि न्यू जर्सीतल्या रस्त्यांच्या संदर्भांनी भरलेले आहेत. त्यांच्या मागे धावलं की दमछाक होते आणि गाणं निसटतं. म्हणून या लेखात वाट उलटी धरली आहे: आधी ड्रम आणि बेस, मग आवाज, आणि शब्द सगळ्यात शेवटी. माझं ठाम मत आहे की या अल्बमला जे म्हणायचं आहे त्यातलं अर्धं तालातच म्हणून झालेलं आहे.

हिलने स्वतःच एका मुलाखतीत सांगितलं होतं की तिला रेगेचा (म्हणजे जमैकातल्या संगीताचा) सच्चेपणा, हिप-हॉपचा ठोका आणि जुन्या सोलचा (म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या, चर्चच्या गाण्यातून आलेल्या संगीताचा) वाद्यमेळ असलेली गाणी लिहायची होती. ही तीन अंगं एकेक करून कानाने कशी शोधायची, ते आता पायरीपायरीने बघू.

पहिली पायरी: तयारी

फोनच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका. फोनच्या स्पीकरमधून खालचा बेस जवळजवळ येतच नाही, आणि रेगेत बेस म्हणजे गाण्याचा कणा. भारी हेडफोन हवेत असं नाही, कानात नीट बसणारे साधे इअरफोनही चालतील. घरात बेस देणारा स्पीकर असेल तर उत्तमच.

ॲपमध्ये दोन गोष्टी तपासा. शफल बंद हवं. आणि एक गाणं दुसऱ्यात मिसळून टाकणारं क्रॉसफेडचं सेटिंग सुरू असेल तर तेही बंद करा. या अल्बममध्ये बऱ्याच गाण्यांच्या शेपटीला शाळेच्या वर्गातला संवाद जोडलेला आहे. क्रॉसफेडमध्ये नेमकी त्याचीच शेवटची वाक्यं खाल्ली जातात.

‘इंट्रो’ धरून यादीत १४ नोंदी आहेत. त्यांच्यानंतर आणखी दोन गाणी येतात, जी मूळ सीडीच्या मागे छापलेल्या यादीत नव्हती: ‘कान्ट टेक माय आइज ऑफ यू’ आणि ‘टेल हिम’. सगळं मिळून सव्वा तासाच्या वर जातं. एका बैठकीत ऐकायचं असेल तर तेवढा वेळ काढून ठेवा. दोन बैठका करायच्या तर ‘फायनल अवर’नंतर थांबा.

दुसरी पायरी: पहिली फेरी, शब्द न वाचता

या फेरीत शब्दांचं पान उघडायचं नाही. काही अडलं तर अडू द्या. फक्त एक काम करा: प्रत्येक गाणं सुरू झाल्यावर हिल गातेय की बोलतेय, एवढं मनात नोंदवा. ‘लॉस्ट वन्स’ आणि ‘फायनल अवर’ जवळजवळ पूर्ण रॅप आहेत. ‘एक्स-फॅक्टर’ आणि ‘नथिंग ईव्हन मॅटर्स’ पूर्ण गाणं. ‘डू वॉप’ आणि ‘एव्हरीथिंग इज एव्हरीथिंग’मध्ये ती एकाच गाण्यात दोन्हीकडे ये-जा करते.

आज गाणारा रॅपर आणि रॅप करणारी गायिका यांचं कुणाला काही वाटत नाही. १९९८ साली मात्र ही दोन कामं सहसा दोन माणसांत वाटलेली असत. पुरुषाने रॅप करायचा आणि बाईने मधला मुखडा गायचा, हा ठरलेला साचा होता. हिल दोन्ही बाजू एकटी सांभाळते, आणि दोन्हीकडे पहिल्या रांगेत बसेल अशा तयारीने.

तिसरी पायरी: टाळीचा सराव

यावर जरा जास्त वेळ घालवा, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

चार मात्रा मोजा: एक, दोन, तीन, चार. आपल्या कानाला पहिल्या मात्रेवर, समेवर, वजन हवं असतं. आता हिप-हॉपचा नेहमीचा ठोका बघा. पहिल्या मात्रेवर जड, खालच्या आवाजाची किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर फटकन वाजणारा स्नेअर, म्हणजे काठीने वाजवायचा छोटा ड्रम. याला बूम-बॅप म्हणतात. ‘लॉस्ट वन्स’ लावा आणि दोन-चारवर टाळी द्या. मिनिटभरात बसते.

मग रेगे. त्यासाठी अल्बमच्या बाहेर जाऊन बॉब मार्ली अँड द वेलर्सचं १९७३ सालचं ‘काँक्रीट जंगल’ ऐका. ड्रमवर कार्लटन बॅरेट, बेसवर रॉबी शेक्सपिअर. इथे पहिल्या मात्रेवर ड्रमचं वजन नाही. किक आणि स्नेअरची कड मिळून तिसऱ्या मात्रेवर पडतात, आणि दुसऱ्या-चौथ्यावर गिटार किंवा ऑर्गनचा आखूड, तोडलेला ठोका येतो. या ठेक्याचं नाव वन ड्रॉप. समेची अपेक्षा ठेवून ऐकणाऱ्या कानाला सुरुवातीला पायाखालची पायरी चुकल्यासारखं वाटतं. तसं वाटलं तर तुमचं ऐकणं बरोबर चाललं आहे. बोटाने तिसरी मात्रा धरून ठेवा. थोड्या वेळाने मान आपोआप त्या मोकळ्या समेभोवती डोलायला लागते.

सोलला असा एकच ठेका नाही. तिथे ओळख वाद्यांवरून पटते: हॅमंड ऑर्गन, गुळगुळीत घंटीसारखा रोड्स पियानो, ब्रासचे छोटे-छोटे तुकडे, आणि चर्चमधून आलेली सवालजवाबाची पद्धत. एक आवाज ओळ टाकतो आणि मागचे आवाज ती उचलतात. ‘नथिंग ईव्हन मॅटर्स’ हे हिल आणि सोल गायक डिअँजेलो यांचं युगुलगीत त्यासाठी ऐका. अल्बममधला सगळ्यात शांत कोपरा हाच, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर गायलेलं गाणंही हेच.

हे तीन प्रवाह एकमेकांना परके नव्हते, हे इथेच सांगितलं पाहिजे. जमैकातले तरुण गायक पन्नास-साठच्या दशकांत अमेरिकन रेडिओवरचं रिदम अँड ब्लूज आणि सोल ऐकत मोठे झाले. वेलर्सवर कर्टिस मेफील्डच्या इम्प्रेशन्स या अमेरिकन सोल गटाचा ठसा स्पष्ट आहे. दुसऱ्या बाजूला, हिप-हॉपची सुरुवात जिथून सांगतात ती ११ ऑगस्ट १९७३ ची ब्राँक्समधली पार्टी कूल हर्कने वाजवली होती, आणि हर्कचा जन्म किंग्स्टनचा. मोठाले स्पीकर रचून रस्त्यावर गाणी वाजवायची आणि त्यांवर माइकमधून बोलत राहायचं, ही जमैकन साउंड सिस्टिमची रीत तो लहानपणी बघून आलेला होता. म्हणजे अमेरिकेतून बेटावर आणि बेटावरून परत न्यूयॉर्कला, अशी ही ये-जा आधीपासून चालू होती. हिलने अल्बमचं काम न्यूयॉर्कच्या चुंग किंग स्टुडिओत सुरू केलं आणि पुढचं बरंचसं किंग्स्टनला, बॉब मार्लीने उभारलेल्या टफ गाँगच्या स्टुडिओत केलं. त्या ये-जा करणाऱ्या वाटेवरची ही दोन टोकंच म्हणायची.

चौथी पायरी: ‘लॉस्ट वन्स’ आणि त्याची वंशावळ

एकच गाणं नीट सोलून बघायचं असेल तर हे बघा. चार रेकॉर्डिंग लागतील, आणि ऐकायचा क्रम जुन्याकडून नव्याकडे.

सुरुवात टूट्स अँड द मेटल्सच्या १९६६ सालच्या ‘बॅम बॅम’ने करा. जमैकाच्या स्वातंत्र्य महोत्सवाच्या गीतस्पर्धेत त्या वर्षी हे गाणं पहिलं आलं होतं. मग ॲन्सेल कॉलिन्सचं ‘स्टॅलॅग १७’, सत्तरच्या दशकातली नुसती वाद्यांची रेकॉर्ड. तिसरं, सिस्टर नॅन्सीचं १९८२ सालचं ‘बॅम बॅम’. नॅन्सीने मुखडा टूट्सकडून घेतला आणि खाली स्टॅलॅगचा वाद्यमेळ ठेवला. चौथं, ‘लॉस्ट वन्स’. इथे हिलने नॅन्सीच्या ‘बॅम बॅम’चा धागा उचलला आहे.

एकाच वाद्यमेळावर अनेकांनी आपापली गाणी बांधायची, याला जमैकात रिडिम म्हणतात. स्टॅलॅग हा त्यातला सगळ्यात जास्त वापरल्या गेलेल्यांपैकी एक. आपल्याकडे जुन्या पदांच्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल: अमुक अमुक’ असं छापलेलं असतं, तसाच हा व्यवहार आहे. चाल सगळ्यांची असते. तिच्यावर तुम्ही काय म्हणता, ते तुमचं. एवढं डोक्यात ठेवलं की हिलने चोरी केली की नक्कल केली, असले प्रश्न गळून पडतात. नॅन्सीकडून घेणं हे जमैकन ऐकणाऱ्यासमोर आपली ओळख सांगणं आहे. नॅन्सी पुरुषांनी भरलेल्या डान्सहॉलमध्ये, म्हणजे जमैकातल्या नाचगाण्याच्या मैफलींत, माइक हातात घेऊन उभी राहिलेली बाई होती, हेही त्या निवडीत आलंच.

आता ‘लॉस्ट वन्स’ पुन्हा लावा आणि फक्त तिचे उच्चार ऐका. ठेका अमेरिकन बूम-बॅपचा, वर रेकॉर्ड घासल्याचे आवाज, पण तिची जीभ किंग्स्टनकडे झुकते. शब्दांची टोकं छाटली जातात, स्वर उघडे होतात. न्यू जर्सीच्या साउथ ऑरेंजमध्ये वाढलेली मुलगी रागावल्यावर जमैकन डीजेच्या (तिकडे डीजे म्हणजे ठेक्यावर लयीत बोलणारा कलाकार) ढंगात बोलायला लागते. राग कुणावर? फ्यूजीजमधला तिचा साथीदार वायक्लेफ जाँ याच्यावर, असं सर्रास मानलं जातं. ती नाव घेत नाही, आणि नाव न कळताही गाण्याची धार कळते. पैसा आल्यावर माणसाचं वागणं कसं पालटतं, हा त्याचा विषय आहे.

पाचवी पायरी: ‘एक्स-फॅक्टर’, थर मोजत

‘लॉस्ट वन्स’च्या धगीनंतर लगेच हे गाणं येतं, आणि हा क्रम मुद्दाम लावलेला आहे. आधी तलवार, मग जखम.

इथेही एक साखळी आहे. सत्तरच्या दशकात ग्लॅडिस नाइट अँड द पिप्सने ‘द वे वी वेअर’ गायलं, सुरुवातीला बोलत-बोलत. वू-टँग क्लॅन या न्यूयॉर्कच्या रॅप गटाने १९९३ मध्ये त्यातला तुकडा कापून ‘कॅन इट बी ऑल सो सिंपल’ केलं, गरिबीतल्या दिवसांची आठवण सांगणारं रॅपचं गाणं. हिलने वू-टँगचं ते गाणं पुन्हा सोलकडे वळवून ‘एक्स-फॅक्टर’ बांधलं. सोलमधून हिप-हॉपमध्ये गेलेला सूर हिप-हॉपचा ठोका अंगावर घेऊनच परत आला. पुढे २०१८ मध्ये रॅपर ड्रेकने ‘नाइस फॉर व्हॉट’साठी ‘एक्स-फॅक्टर’च कापलं, म्हणजे फेरा अजून चालूच आहे.

गाणं लागोपाठ तीनदा ऐका आणि दर वेळी एकच गोष्ट धरा.

पहिल्या वेळी फक्त ड्रम. प्रेमभंगाचं गाणं आहे, पण ठोका मऊ केलेला नाही. तो हिप-हॉपचा आहे, कोरडा आणि जागेवर घट्ट.

दुसऱ्या वेळी फक्त मुख्य आवाज. कंप्रेसर लावून आवाज सपाट, गुळगुळीत करणं आपल्याला आवडत नाही, आवाजातली खरखर ऐकू आली पाहिजे, असं हिलचं म्हणणं होतं. त्याचा अर्थ इथे कळतो. वरच्या पट्टीत जाताना आवाज किंचित फाटतो, श्वास ऐकू येतो, एखाद्या ओळीच्या शेवटी सूर थोडा खाली उतरतो. ध्वनिमुद्रण सांभाळणारा गॉर्डन विल्यम्स आणि हिल यांनी हे सगळं राहू दिलं. आजच्या सफाईदार पॉपला सरावलेल्या कानाला या जागा कच्च्या वाटू शकतात. मला विचाराल तर गाणं त्यांच्यावरच तोललेलं आहे.

तिसऱ्या वेळी मागचे आवाज. गाण्याच्या उत्तरार्धात मागून एक छोटी विनवणी पुन्हा पुन्हा येत राहते आणि हिल तिच्यावर गात राहते. तिच्या स्वतःच्याच आवाजाचे थर तिला प्रश्न विचारतात आणि उत्तर द्यायला समोर कुणीच नाही. चर्चमधला सवालजवाब भरलेल्या सभेत होतो. इथे तो एकटीचा झाला आहे. शेवटी शब्द संपतात आणि गिटार पुढे होते.

सहावी पायरी: रेगे कुठे लपलंय ते शोधा

‘रेगेचा अल्बम’ समजून आलेले लोक इथे थोडे गोंधळतात, कारण तिसऱ्या मात्रेवर पडणारा पक्का वन ड्रॉप पानोपानी सापडत नाही. रेगे इथे बेसच्या चालीत आहे, उच्चारात आहे आणि बायबलकडे बघण्याच्या नजरेत आहे.

‘फर्गिव्ह देम फादर’मध्ये तुम्ही नुकतंच ऐकलेलं ‘काँक्रीट जंगल’ ओळखू येईल. क्रम पाळला असेल तर पहिल्या काही सेकंदांतच. शीर्षक लूकच्या शुभवर्तमानातलं, क्रुसावरच्या येशूच्या तोंडचं. वर शेली थंडर ही डान्सहॉल कलाकार पॅटवामध्ये, म्हणजे जमैकाच्या बोलीत, तडफेने बोलते. विश्वासघात हा विषय ‘लॉस्ट वन्स’मध्ये रागाने आला होता, इथे क्षमेच्या वाटेवर आला आहे. दोन्ही गाणी मागेपुढे लावून ऐका. अल्बमच्या मधल्या भागात हिल कुठून कुठे आली, ते शब्द न कळताही जाणवतं.

‘टू झायन’ तिच्या पहिल्या मुलाबद्दल आहे. झायनचा जन्म ऑगस्ट १९९७ चा. त्याचे वडील रोहन मार्ली, म्हणजे हा मुलगा बॉब मार्लीचा नातू. कारकीर्द ऐन भरात असताना मूल नको, असा सल्ला तिला देण्यात आला होता आणि तिने तो मानला नाही, ही या गाण्याची गोष्ट. रास्ताफारी या जमैकातल्या धर्मपंथाच्या परंपरेत झायन म्हणजे परतीची पवित्र भूमी, त्यामुळे मुलाचं नाव घेताना ती एकाच वेळी प्रार्थनाही म्हणत असते. इथे ठेका रेगेचा नाही. स्नेअर लष्करी संचलनासारखा वाजतो, सोबत कार्लोस सान्तानाची गिटार आणि शेवटाकडे समूहाचा आवाज. म्हणजे रेगेचा एकही ठोका न वापरता रेगेच्या श्रद्धेतून आलेलं गाणं. तिने ज्याला सच्चेपणा म्हटलं तो मला इथे सगळ्यात जास्त दिसतो.

सातवी पायरी: आता शब्द, आणि सुरुवात ‘डू वॉप’पासून

आता शब्दांचं पान उघडा. सगळ्या अल्बमचं एकदम नको. ‘डू वॉप (दॅट थिंग)’ घ्या, कारण त्याची रचना सगळ्यात स्वच्छ आहे. पहिलं कडवं बायकांना उद्देशून, दुसरं पुरुषांना, आणि दोघांनाही इशारा एकच: समोरच्याला नेमकं काय हवंय ते ओळखा.

पन्नासच्या दशकात शहरांच्या गल्ल्यांमध्ये, कोपऱ्यांवर उभं राहून पोरं वाद्यांशिवाय नुसत्या आवाजांच्या मेळाने गात, ती शैली म्हणजे डू-वॉप. हिल तो मेळ आणि ब्रासचे तुकडे वर ठेवते, खाली हिप-हॉपचा ठोका ठेवते आणि मध्ये रॅप करते. व्हिडिओतही पडदा उभा चिरून एका बाजूला १९६७ आणि दुसऱ्या बाजूला १९९८ दाखवलं आहे, एकाच न्यूयॉर्कचं. नोव्हेंबर १९९८ मध्ये हे गाणं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या हॉट हंड्रेड यादीत थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झालं.

वाचताना एक गोष्ट खटकेल, आणि ती खटकायला हवी. बायकांच्या कडव्यात ती त्यांच्या केसांवर, नखांवर बोलते. पुरुषांचं कडवं त्यांच्या वागण्यावर जास्त आहे. उपदेशाचा भार बाईवर आधी आणि जास्त पडतो, अशी टीका कृष्णवर्णीय स्त्रीवादी लेखनातून झाली आहे आणि मला ती रास्त वाटते. मात्र त्याच कडव्यात ती स्वतःलाही सोडत नाही, आपणही यातून गेलो आहोत हे मान्य करते. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवूनच हे गाणं पूर्ण ऐकता येतं.

शब्द वाचायची एक पद्धत सांगतो. आधी कडवं वाचा, मग पान मिटून ऐका. ऐकता ऐकता वाचू नका. रॅपमधली गंमत यमक कुठल्या मात्रेवर पडतं त्यात असते. डोळे पुढच्या ओळीवर असले की ते पडताना कानाला कळत नाही. हिल पुष्कळदा ओळीच्या शेवटी यमक न देता मध्येच दोन-तीन आतली यमकं साधते आणि शेवट मोकळा सोडते. ‘फायनल अवर’मध्ये हे फार नेटकं आहे.

‘एव्हरी घेटो, एव्हरी सिटी’साठी नकाशा उघडा. न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहराच्या आणि आसपासच्या रस्त्यांची, खाऊची, लहानपणच्या खेळांची नावं एकामागून एक येतात. खाली क्लॅव्हिनेट या विजेवर चालणाऱ्या कीबोर्डचा खणखणीत आवाज आहे, स्टीव्ही वंडरची सत्तरच्या दशकातली गाणी आठवावीत असा.

आठवी पायरी: वर्गातले संवाद

‘इंट्रो’ म्हणजे शाळेची घंटा आणि हजेरी. एकेक नाव पुकारलं जातं, मुलं ‘हजर’ म्हणतात. लॉरिन हिलचं नाव येतं. उत्तर नाही. पुन्हा पुकारतात, पुन्हा शांतता. ती वर्गात नाही, आणि पुढचा सव्वा तास आपण तिच्याबरोबर वर्गाबाहेर असतो.

पुढचे संवाद प्रेमाबद्दल आहेत. शिक्षकाच्या भूमिकेत रास बराका आहे. तेव्हा तो खरोखरच न्यूअर्कमध्ये शिक्षक होता आणि कवीही. २०१४ मध्ये तो त्याच शहराचा महापौर झाला. प्रेम म्हणजे काय, कुणी प्रेमात पडलंय का, असं तो विचारतो, आणि मुलं हसत, अडखळत, एकमेकांना चिडवत उत्तरं देतात. हे पाठ केलेलं नाही, हे ऐकताच कळतं. हिलच्या साउथ ऑरेंजच्या घरातल्या दिवाणखान्यात मुलांना बसवून ते रेकॉर्ड केलं होतं.

अल्बमचं नाव इथे जुळतं. कार्टर जी. वुडसन यांच्या १९३३ सालच्या ‘द मिस-एज्युकेशन ऑफ द निग्रो’ या पुस्तकाची त्यात आठवण आहे. शाळा कृष्णवर्णीय मुलांना स्वतःबद्दल काय शिकवते आणि काय शिकवत नाही, हा वुडसन यांचा मुद्दा होता. हिल त्यात प्रेमाचा विषय घालते. मुखपृष्ठावरही तिचा चेहरा शाळेच्या लाकडी बाकावर कोरलेला दाखवला आहे.

पहिल्या दोन फेऱ्यांत हे संवाद गाळू नका. नंतर गाळले तरी चालतील. माझं मत असं की ‘सुपरस्टार’पासून ‘व्हेन इट हर्ट्स सो बॅड’पर्यंतचा पट्टा थोडा सैल आहे आणि तिथे कानाला विसावा हवाच असतो. मेरी जे. ब्लाइजबरोबरचं ‘आय यूज्ड टू लव्ह हिम’ आलं की पुन्हा पकड बसते. ‘एव्हरीथिंग इज एव्हरीथिंग’मध्ये पियानो वाजवणारा कॉलेजचा विद्यार्थी पुढे गायक जॉन लेजंड म्हणून प्रसिद्ध झाला. आणि यादीबाहेरच्या ‘टेल हिम’चे शब्द बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १३ व्या अध्यायाशी ताडून बघा. वर्गात विचारलेल्या प्रश्नाला तिने दिलेलं उत्तर तिथे आहे.

नववी पायरी: श्रेयनामावली वाचा

निर्मिती, लेखन, संगीतरचना अशा बहुतेक ठिकाणी एकच नाव दिसतं. अल्बम आल्यानंतर काही महिन्यांतच, नोव्हेंबर १९९८ मध्ये, न्यू आर्क नावाच्या गटातल्या चौघा सहकाऱ्यांनी आपल्याला योग्य श्रेय मिळालं नाही म्हणून दावा लावला. २००१ मध्ये तो न्यायालयाबाहेर मिटला. यावरून कुणी अल्बम हिलचा नाहीच म्हणू लागतं, तर कुणी दावाच खोटा ठरवतं. मला दोन्ही टोकं पटत नाहीत. हिप-हॉपमध्ये ठेका बांधणारा, बेस वाजवणारा आणि मागे गाणारा यांच्या हातून गाणं घडतं, आणि तरीही कुठला तुकडा कशाशेजारी ठेवायचा याची नजर एकाच माणसाची असू शकते. श्रेय दोन्हींचं लिहिलं गेलं पाहिजे. ऐकताना वाजवणाऱ्यांची नावं शोधायची सवय लावून घ्या. कीबोर्ड वाजवणाऱ्या जेम्स पॉयझरचं नाव सापडलं की ते धरून पुढे त्या काळच्या कितीतरी सोल रेकॉर्डपर्यंत जाता येतं.

पुढे काय ऐकाल

मागे जायचं असेल तर फ्यूजीजचा ‘द स्कोअर’, १९९६. सोलची तहान लागली असेल तर डिअँजेलोचा ‘ब्राउन शुगर’, १९९५, आणि एरिका बडूचा ‘बडूइझम’, १९९७. रेगेसाठी वेलर्सचा पूर्ण ‘कॅच अ फायर’, ज्यात ‘काँक्रीट जंगल’ आहे, आणि सिस्टर नॅन्सीचा ‘वन टू’. हेच मिश्रण इंग्लंडच्या मातीत कसं उतरतं हे बघायला मिस डायनामाइटचा ‘अ लिटल डीपर’ घ्या. तोही एकटीचा पहिलाच अल्बम आणि २००२ चा मर्क्युरी हा ब्रिटनमधला अल्बमचा पुरस्कार त्याला मिळाला. रेगेचा बेस हेडफोनबाहेर, अंगावर अनुभवायचा असेल तर २०१६ साली सुरू झालेल्या गोवा सनस्प्लॅश या रेगे महोत्सवाच्या तारखांवर लक्ष ठेवा.

हिलचा २००२ चा ‘एमटीव्ही अनप्लग्ड नं. २.०’ मात्र लगेच लावू नका. त्यात ड्रम नाही, बेस नाही, मागचे आवाज नाहीत. ती, गिटार आणि मधलं दीर्घ बोलणं, एवढंच. ‘मिसएज्युकेशन’चा ताल अंगात मुरल्यावर, एखाद्या महिन्याने, सलग ऐका.